फिकट गुलाबी

"अगं, केव्हाचं झालंय. कसली वाट बघतेस तू?"

करमरकर मॅडम पाठीमागून म्हणाल्या आणि आभाचा हात ब्युरेटच्या तोटीवर तसाच राहिला. खाली पांढऱ्या टाइलवर कॉनिकल होता, शंकूच्या आकाराचा काचेचा चंबू. त्यात आम्ल होतं आणि वरच्या ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब सुटत होतं. आम्ल संपलं की पुढच्याच थेंबाला इंडिकेटर रंग धरतो, चंबूतलं पाणी फिकट गुलाबी होतं, तिथे थांबायचं आणि आकडा वाचायचा. एवढंच. अकरावीपासून करत आलेली गोष्ट. ती त्या रंगाची वाट बघत होती. चंबूत तिला पाणी दिसत होतं. अगदी नितळ नव्हे, जरासं मळकट, ताकाचा पेला विसळल्यावर तळाला उरतं तसं, पण पाणीच. "याला फिकट म्हणायचं का?" मॅडमनी चंबू उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "राणी रंग झालाय. बारशाची झबली निघतील यातून. ओत आणि परत कर." मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. आभाही हसली. चंबू रिकामा करताना तिने मुद्दाम निरखून पाहिलं. पांढऱ्या सिंकवरून मळकट पाणी ओघळत गेलं, जाळीपाशी जरा घुटमळलं आणि दिसेनासं झालं. मॅडम ज्याला राणी रंग म्हणाल्या तो तिला कुठेच भेटला नाही.

त्या दिवशी दिपिका आली नव्हती. सुकापूरला तिच्या थोरल्या बहिणीची हळद होती, आणि त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. वाजवायला बेंजो काय, मांडव काय, सगळं गाव जेवायला. आभा आणि दिपिका कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून एका टेबलावर. कामाची वाटणीही कधी न बोलता ठरून गेलेली. आभाचा हात हलका, म्हणून तोटी तिच्याकडे. डाव्या हाताने तोटी सोडायची, उजव्याने चंबू गोल फिरवत राहायचं. दिपिका टेबलावर कोपरं टेकून, नाक चंबूला लागेल इतकी वाकून बघत बसायची आणि वेळ आली की म्हणायची, "बास." त्या शब्दासरशी आभाची तोटी बंद. दोघींचं रीडिंग सगळ्या वर्गात पहिलं जुळायचं. परीक्षेतही रोल नंबर पाठोपाठ असल्याने टेबलं शेजारी येत आणि दिपिका आपलं सांभाळून एक डोळा इकडे ठेवायची. आभाला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आपला स्वभावच जरा डळमळीत, आपल्याला कुणीतरी 'बास' म्हणावं लागतं, असं तिने स्वतःबद्दल धरून ठेवलं होतं. भाजी घेताना, ब्लाउजपीस घेताना, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची तिची सवय घरात चेष्टेचा विषय होती. आणि 'फिकट गुलाबी' म्हणजे काय, तर ते मळकटपण, असं तिने कधीतरी, कुठल्याशा वयात, मनाशी लावून घेतलं होतं. लोक त्याला गुलाबी म्हणतात. लोक पुष्कळ गोष्टींना पुष्कळ काही म्हणतात.

तिने परत केलं. या खेपेला थेंबाथेंबावर थांबली, टाइल पुसून घेतली, चंबू खिडकीकडे नेला, सावलीत नेला. पाणी पाणीच राहिलं. मग एकदम मळलं, तेव्हा कळलं की याही वेळी ती पुष्कळ पुढे निघून आली आहे. प्रयोगशाळेत अमोनियाचा दर्प होता, गॅसचे बर्नर फुरफुरत होते, पोरं आकडे ओरडून विचारत होती. सगळं रोजच्यासारखं, आणि तरी त्या सगळ्यावरून कुणीतरी एक पातळ कापड ओढून घेतलंय आणि ते तिला एकटीलाच जाणवतंय, असं वाटलं. शेवटी तिने शेजारच्या टेबलावरचा आकडा घेतला. खालच्या ओळीत, अकरावीपासून लिहीत आली तसं, लिहिलं: अंत्यबिंदू, रंगहीन ते फिकट गुलाबी. लिहून झाल्यावर त्या ओळीकडे ती बराच वेळ बघत राहिली. शब्दांना तर रंग नव्हताच.

कॉलेजातून निघाल्यावर ती सरळ घरी गेली नाही. तळ्याच्या बाजूने बाजारात आली. तेव्हाचं पनवेल अजून एका दमात पायी फिरून व्हायचं. तळ्याकाठी म्हाताऱ्यांचे कट्टे, कापडाची दुकानं, एस.टी. स्टँडकडून येणारी धूळ, आणि कुठूनही मान वर केली की कर्नाळ्याचा सुळका. मॅचिंग सेंटरच्या दारात ती उभी राहिली. आत भिंतभर ब्लाउजपिसांच्या चळती रंगांप्रमाणे लावलेल्या. दुकानातली बाई म्हणाली, "साडी आणलीयेस का बाळा?" आभाने मान हलवली आणि बोटाने दाखवलं, "त्यातला हिरवा दाखवा ना." बाईने तिच्याकडे जरा पाहिलं. "हिरवा इकडे गं. तो करडा आहे, आणि त्याच्या शेजारचा गुलाबी. दुपारचं ऊन लागलं वाटतं तुला." ऊन लागलं होतं खरं. मार्च होता. ती "येते मागाहून" म्हणून बाहेर पडली आणि पुलाकडे चालू लागली, तेव्हा एफ.वाय.च्या वर्गातला एक आवाज, इतके दिवस कुठे दडून बसला होता कोण जाणे, अगदी कानाशी येऊन बोलला. प्राणिशास्त्राचे सर फळ्यावर घराण्याची आकृती काढत होते. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हा दोष आईकडून मुलाकडे जातो, मुलींमध्ये सहसा दिसत नाही, असं सांगता सांगता त्यांनी खडू थांबवला होता. "आणि मुलगीच तशी निघाली, तर समजायचं की आई तो दोष वाहते आहे, आणि बाप तर स्वतः तसा असलाच पाहिजे. त्यातून बापाची सुटका नाही." मुलं हसली होती. बापाची सुटका नाही, हे वाक्य पुढे कित्येक दिवस कँटीनमध्ये कशालाही चिकटवलं जात असे.

गाढी नदीच्या पुलावर तिला झाडाची आठवण झाली. तिसरीत काढलेलं झाड. बाईंनी वहीवर लिहिलं होतं, 'पाने तपकिरी का?' वही घरी आली तेव्हा आजी, म्हणजे बाबांची आई, पदर तोंडाला लावून हसत सुटली होती. "बापावर गेलीय हो अगदी. यानंही लहानपणी गणपतीला हिरवी कळी वाहिली होती, लाल जास्वंद म्हणून." आई भाकरी थापता थापता म्हणाली होती, "आणि आमचे आप्पा काय वेगळे? माझ्या लग्नाला हिरवा शालू आणायला गेले आणि मातकट घेऊन आले. तुमच्या घराण्यातल्या पुरुषांना रंगातलं कळत नाही हेच खरं." तुमच्या घराण्यातल्या, असं आईने म्हणायचं कारण ती सून म्हणून आली होती ती आत्याच्याच घरात. आप्पा आजीचे सख्खे भाऊ. बाबांनी मामाची मुलगी केली होती. सगळ्यांच्या सोयीचं, सगळ्यांच्या आवडीचं लग्न. दोन्हीकडचे पाहुणे एकच, असा विनोद अजून व्हायचा. आभा पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली. आकृती आपोआप मनात काढली जात होती. आजी आणि आप्पा. आजीकडून बाबा. आप्पांकडून आई. दोन्ही रेघा वाकून वाकून खाली येत होत्या आणि एका टिंबाशी मिळत होत्या. खाली नदीत पाणी थोडं होतं, म्हशी बसल्या होत्या. त्यांचा रंग मात्र तिला स्पष्ट दिसत होता.

दोष आपल्या एकटीचा असता तर तिने तो चष्म्यासारखा वागवला असता. पण बाबा कंपनीत पॅनेलवर होते. शहरापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी ती कंपनी. क्लोरीन बनवायची, आणि वारा तिकडून आला की नवीन पनवेलच्या गॅलऱ्यांमध्ये धुतलेल्या संडासासारखा वास यायचा. प्रभाकर म्हणजे घड्याळ, असं तिथे बाबांबद्दल म्हणत. हेल्परपासून चढत चढत ते कंट्रोल रूममध्ये पोचले होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या पाळीत कधी साधी गळतीसुद्धा झाली नव्हती. भोपाळच्या बातम्या आल्या तेव्हा आई पेपर घेऊन रडली होती. बाबा तेवढंच म्हणाले होते, "आपल्याकडे व्हॉल्व्हचा दिवा बघायला माणूस बसलेला असतो." तो माणूस ते स्वतः. दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडत. एका वर्षी आभा गेली होती. गुडघ्यापासून छतापर्यंत दिव्यांची भिंत. बाबांनी तिला कडेवर घेण्याचं वय गेलं होतं, तरी खांद्याला धरून पुढे उभं केलं आणि सांगितलं, "हे बघ, प्रत्येक व्हॉल्व्हचे दोन दिवे. वरचा लागला की बंद. खालचा लागला की चालू. झालं." तेवढ्यात कुणीतरी पॅनेलवर झेंडूची लांब माळ चढवली आणि ती दिव्यांच्या एका ओळीवरून आडवी गेली. बाबांनी ती अशी खसकन ओढली की दोरा तुटला. "दिव्यांवर माळ घालायची नाही." त्यांचा तो आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. एक तरुण इंजिनिअर हसून म्हणाला, "अहो प्रभाकर, फुलांमधूनही लाल-हिरवा दिसतोच की." बाबा खाली वाकून फुलं वेचत राहिले. आणि आता पुलावर उभं असताना आभाच्या ध्यानात आलं, की वरचा आणि खालचा असंच ते म्हणाले होते. लाल, हिरवा हे शब्द त्यांनी उच्चारलेच नव्हते. त्या दिवशीच नव्हे, कधीच.

गेले दोन महिने घरात नव्या पॅनेलचं कौतुक चाललं होतं. जुनी भिंत काढून टाकायची होती. नवं पॅनेल लहान, टेबलाएवढं, बाहेरून मागवलेलं. त्यावर आठ वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला पहिला मान मिळतोय म्हणून आईने सत्यनारायण बोलला होता. "दिवे निम्मे झालेत," बाबा जेवताना सांगत. "एका व्हॉल्व्हला एकच दिवा. तोच बदलतो. आणि काय शांत आहे म्हणून सांगू. जुन्यात दिवा बदलला की आत टक् व्हायचं, रात्रभर टकटक. यात आवाजच नाही. डोळे मिटून बसलं तर चालू आहे का बंद, कळायचं नाही." आई म्हणायची, "बरं झालं बाई, कानाला विसावा." येत्या सोमवारी दुपारच्या पाळीला ते त्यावर पहिल्यांदा बसणार होते. त्याच सोमवारी सकाळी आभाची विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. दोघांचा एकदम निकाल, असं म्हणून ते हसले होते.

शनिवारी संध्याकाळी तिने प्रयोगशाळेतून आणलेली इंडिकेटरची इवलीशी कुपी काढली. लहान मुलांना पोट दुखलं की देतात ती चुन्याची निवळी घरात होती. दोन काचेचे पेले घेतले, दोन्हींत पाणी, एकात चमच्याच्या टोकावर येईल एवढीच निवळी, आणि दोन्हींत दोन दोन थेंब. कुठल्या पेल्यात निवळी आहे ते तिला ठाऊक होतं. दिसत मात्र दोन्ही सारखेच होते. ते दोन पेले तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि हाक मारली. आई पदराला हात पुसत आली. "अय्या, एक गुलाबी झालंय की. सरबत का गं?" बाबा मागोमाग आले, चष्मा कपाळावर, पेपर काखेत. "बाबा, यातलं रंगीत कुठलं?" आभाने सहज विचारल्यासारखं विचारलं. तिला वाटलं होतं ते चुकतील, किंवा टाळतील. बाबांनी पेल्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. आई डाव्या पेल्याकडे कौतुकाने बघत होती. त्या नजरेचा माग काढत बाबांचं बोट गेलं आणि डाव्या पेल्यावर टेकलं. "हे काय विचारणं झालं? हे." इतकं झटकन, इतकं सफाईने, की जन्मभर शेजारी झोपणाऱ्या आईलाही कळलं नव्हतं. आभाला कळलं, कारण ती स्वतः तेच करत आली होती. तिने मान वर केली तेव्हा बाबा तिच्याकडे बघत होते. आई म्हणाली, "पिऊ नका हं कुणी, कॉलेजातलं काही असेल," आणि दोन्ही पेले मोरीत रिकामे करून टाकले.

जेवणानंतर बाबा शतपावलीला निघाले तेव्हा ती सोबत गेली. सिडकोच्या चाळींच्या रांगा, मध्ये रिकामे प्लॉट, गवत वाळून गेलेलं. दोघं रस्त्याच्या दोन कडांना असावेत तसे चालत होते. "कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"परवा. तुम्हाला?"

"मला?" ते जरासे हसले. "मास्तरांनी नकाशात रंगावरून इंग्रजांचा मुलूख दाखवायला सांगितला होता. पाठीवर वळ उठले, मग कळलं. तेव्हापासून दुसऱ्याचं तोंड बघायला शिकलो. माणसाच्या चेहऱ्यावर सगळे रंग येतात गं."

"आणि कंपनीत?"

"कंपनीत डोळे तपासतात ते अक्षरं वाचून घेऊन. ती मी अजून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो."

"बाबा, नव्या पॅनेलवर दिवा एकच आहे."

"आवाज येतो ना. आत टक् होतं, त्यावरून मला..." ते थांबले. चालायचेही थांबले. एवढ्या दिवसांचं त्यांचंच बोलणं दोघांच्यामध्ये उभं राहिलं आणि कुणीच त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. दूर डोंगराच्या अंगाला कंपनीचे दिवे लुकलुकत होते. सगळे एकाच रंगाचे, असं आभाला दिसलं, आणि त्यांनाही तसंच दिसत असणार. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दुसरं तिच्याच डोळ्यांनी बघत होतं, आणि त्या सोबतीने तिच्या अंगावर काटा आला. "प्रखरपणात थोडा फरक असतो," ते पुन्हा चालू लागत म्हणाले. "एक जरा उजळ, एक जरा मंद. बसलं की सवय होते. सवय होते सगळ्याची."

"आणि होईपर्यंत?"

"तू लहान आहेस अजून." मग अगदी खालच्या आवाजात: "मी बोललो तर ते माझ्यापाशी थांबत नाही, आभा. कुणी शहाणा निघाला तर हिशेब मांडतो. उद्या तुला बघायला येतील ते विचारतील, हिच्या डोळ्यांत काय आहे, मुलांना काय येईल. तुझ्या आईला वाटेल तिच्या वडिलांकडून आलं. सगळं नीट चाललंय ना? चालू दे." घराच्या फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "तुझी ती दिपिका आहे ना परीक्षेत शेजारी?" तिने हो म्हटलं. "मग झालं तर," असं म्हणून त्यांनी कडी लावली.

रविवारभर तिला हवेत वास येत राहिला. आई म्हणाली, वारा तिकडचा नाही, तुला भास होतोय. तिने खिडकी लावून घेतली, मग उघडली. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी गच्चीवर पापड वाळत घालत होतं. तिला राहून राहून दिसत होता तो एक दिवा. लहानसा, टेबलावरच्या बटणाएवढा, शांत. तो बदलतो आहे आणि समोर बसलेला माणूस त्याच्याकडे टक लावून बघतो आहे, सगळ्या घड्याळांसारखा नेमका, इमानी, आणि वाट बघतो आहे. केव्हाचं झालंय आणि तो वाट बघतो आहे. मागे उभं राहून 'कसली वाट बघतोस' म्हणायला तिथे कुणी नाही.

सोमवारी प्रयोगशाळेच्या दारात दिपिकाने तिला गाठलं. अंगावरची हळद अजून गेली नव्हती; तिने हात पुढे केले. "बघ कशी पिवली झालीय मी. आनी तू काय अशी, रडलीस का? आमी नव्हतो चार दिवस तर लगेच सुकली." मग आवाज उतरवून, "ऐक. मॅडम बोलल्या तू सारखी चुकत होतीस. घाबरू नको. मी बघते ना तुझ्याकडं. रंग आला का मी खोकेन. एकदाच खोकेन हां, दमा लागला समजतील."

"तुला कसं कळलं मला..."

"काय कळायचा हाय त्यात? तू पहिल्यापासून तशीच. माझ्या तोंडाकडं बघतेस, चंबूकडं नाय." दिपिका हे अगदी सहज म्हणाली. म्हणजे दिसत होतं. बघणाऱ्याला दिसत होतं, आणि त्याला कुणी नाव दिलं नव्हतं इतकंच.

बाहेरचे परीक्षक जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. टेबलांमधून फिरत होते. आभाने ब्युरेट धुतली, भरली, पिपेटने आम्ल घेतलं, थेंब टाकले. तिचा हात नेहमीसारखा हलका होता. चंबू फिरत राहिला, पाणी फिरत राहिलं, आणि शेजारून बारीकसा खोकला आला. तोटी बंद. पुन्हा केलं, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदाही. तिन्ही आकडे दशांशापर्यंत एक. वर्गात सगळ्यात आधी तिचं झालं होतं. करमरकर मॅडम लांबूनच मान हलवून हसल्या. मग तिने उत्तरपत्रिका ओढली आणि रकाने भरले: ब्युरेटमध्ये काय, चंबूत काय, इंडिकेटर कुठला. पुढच्या ओळीत अंत्यबिंदू लिहायचा होता. रंगहीन ते. तिथे पेन टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. आकडा बरोबर होता. आकड्यात काही खोटं नव्हतं. बाबांच्याही पाळीत कधी गळती झाली नव्हती. तिला वाटलं, ही ओळ पुरी केली की दुपारी तिकडे डोंगराखाली कुणीतरी असंच काहीतरी पुरं करणार आहे. ती उभी राहिली. "सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला, "मला हा रंग दिसत नाही."

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग ही रीडिंगं?"

दिपिकाचं नाव तिने घेतलं नाही. "ऐकून," ती म्हणाली.

परीक्षकांनी तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. "जे दिसलं तेवढंच लिही," ते म्हणाले, रागावले नव्हते, पण आता त्यांनी तिच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं, जसं एखाद्या आजाऱ्याकडे पाहतात. तिने लिहिलं: अंत्यबिंदू दिसला नाही. आकड्यांवर रेघ मारली. बाहेर व्हरांड्यात मॅडमनी तिचा दंड धरला. "वेडी आहेस का तू? वर्ष गेलं तुझं. एक शब्द लिहून मोकळी झाली असतीस." आभा म्हणाली, "हो मॅडम," आणि रिक्षा बघायला धावली.

कंपनीची बस कोपऱ्यावरच्या बाभळीखाली दुपारी येत असे. बाबा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला आईने लावलेला पूजेचा टिळा, हातात डब्याची पिशवी. टिळ्याचा रंग मातीसारखा होता. बस धुरळा उडवत वळली आणि थांबली. आत दुपारपाळीची माणसं खिडक्यांना टेकून बसली होती, कुणी पेंगत, कुणी पत्ते पिसत. ड्रायव्हर बळीरामने हॉर्न दिला. "चला साहेब, आज तुमचा मान हाय. चहा पाजल्याशिवाय सोडत नाय." बाबांनी आभाला येताना पाहिलं. "कशी झाली परीक्षा?" त्यांनी विचारलं.

"लिहून दिलं, दिसत नाही म्हणून."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग हळूहळू सगळं उमटलं, एकामागून एक, आणि आभाला कळलं की बाबा म्हणतात ते खरं आहे, माणसाच्या चेहऱ्यावर सगळे रंग येतात. तिने लिहिलेली ती एक ओळ आता तिची एकटीची राहिली नव्हती. हे त्यांना कुणी आकृती काढून सांगायची गरज नव्हती. ते वळले, दांडा धरला आणि एक पाय पायरीवर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "बास."

त्यांचा एक पाय पायरीवर होता, दुसरा रस्त्यावर. बस थरथरत उभी होती. बळीराम आरशातून बघत होता. मग तो पाय पायरीवरून खाली आला, सावकाश, जसा काही स्वतःच्या मनाने आला. "तू जा, बळीराम," बाबा म्हणाले.

"जा म्हंजे? आनी वरच्या साहेबाला काय सांगू?"

बाबांनी आभाच्या तोंडाकडे पाहिलं. नेहमीच्या सवयीने पाहिलं, उत्तर तिथे असल्यासारखं. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि बसच्या उघड्या दारातून आत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांग, प्रभाकरला लाल-हिरवं दिसत नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "जेवल्यावर तर आमालाबी नाय दिसत, साहेब," आणि सगळी बस हसली. पत्तेवाले हसले, पेंगणारे जागे होऊन हसले. बळीरामही हसला. "बघा, शेवटचं विचारतो," म्हणाला, आणि मग मान हलवत त्याने गिअर टाकला. हसणं वळणापर्यंत ऐकू येत राहिलं. धुरळा खाली बसला. बाभळीखाली दोघं उभी होती. बाबांच्या हातातला डबा अजून गरम असावा; ते तो या हातातून त्या हातात घेत होते. घराच्या गॅलरीत आई येऊन उभी राहिली होती आणि कपाळावर हात धरून, बस गेली तरी हे दोघं तिथेच का उभे आहेत, ते बघत होती.

"आज तिथे कोण बसेल?" आभाने विचारलं.

"हितेश. माझ्याच हाताखाली होता. चांगला आहे."

"त्याला दिसतं ना, बाबा?"

बाबा डोंगराकडे बघत होते. चिमणीतून धूर सरळ वर जात होता. त्याचा रंग कुठला, हे त्या दोघांपैकी कुणी सांगू शकलं नसतं.

"त्याला कुणी विचारलंय?" ते म्हणाले.